रोशा तेल : खानदेशातील एका सुगंधी व्यवसायाचा इतिहास आणि सुगंधचिकित्सेची परंपरा

प्रस्तावना :

सुगंधचिकित्सा अर्थात अरोमाथेरपी या विषयावरील कोणतेही परिचयपर पुस्तक उघडले असता त्यातील इतिहासाच्या प्रकरणाचा आराखडा बहुधा एकसारखाच आढळतो. प्रथम इजिप्तमधील ममी व धूप, नंतर तक्षशिलेतील मातीचे ऊर्ध्वपातन पात्र, त्यानंतर इब्न सिना याचे गुलाबपाणी, मग फ्रान्समधील रने-मॉरिस गॅटफॉसे यांचा भाजलेला हात आणि तेथून थेट आजची छोटी तपकिरी बाटली. या मांडणीत भारताला स्थान नसते असे नाही. परंतु ते स्थान वेदकाळ व आयुर्वेद यांच्या सर्वसाधारण गौरवापुरते असते. एकोणिसाव्या शतकात भारतातील काही जिल्ह्यांतून प्रत्यक्ष बाष्पनशील तेल तयार होऊन जगाच्या बाजारात जात होते, ही बाब या प्रकरणांतून जवळजवळ अनुल्लेखित राहते.

अशा जिल्ह्यांपैकी खानदेश हा एक प्रमुख जिल्हा होता आणि ते तेल रोशा गवताचे होते. आज सुगंधचिकित्सेच्या साहित्यात ते ‘पामरोझा’ या नावाने ओळखले जाते. हे तेल बाजारपेठेत सर्वदूर पोहोचले, मात्र प्रत्येक टप्प्यावर त्याचे मूळचे नाव गळून पडत गेले व त्याबरोबर ते तयार करणारी माणसेही इतिहासातून वगळली गेली, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. सुगंधचिकित्सेचा इतिहास केवळ ग्रंथांचा आणि शोधकांचा मानावयाचा की भट्टीवर काम करणाऱ्यांचाही, हा प्रश्न या प्रतिपादनाच्या मुळाशी आहे.

तैल आणि बाष्पनशील तेल :

मुख्य विषयाकडे वळण्यापूर्वी संज्ञेचा एक घोळ दूर करणे आवश्यक आहे. आयुर्वेदातील ‘तैल’ म्हणजे तिळाच्या किंवा तत्सम स्निग्ध तेलात वनस्पतींचा काढा व कल्क घालून सिद्ध केलेले औषधी तेल होय. बाष्पनशील तेल याहून सर्वस्वी भिन्न आहे. वनस्पतीतील सुगंधी द्रव्ये वाफेबरोबर उडतात, ती वाफ थंड केली असता पाण्यावर जो तवंग जमतो ते बाष्पनशील तेल. कागदावर पडल्यास स्निग्ध तेलाचा डाग कायम राहतो, याचा मात्र उडून जातो. मराठीत दोहोंसाठी ‘तेल’ हा एकच शब्द असल्यामुळे अभ्यंगाचा इतिहास हाच अरोमाथेरपीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पाच हजार वर्षांची परंपरा सिद्ध करण्याची घाई असली म्हणजे हा भेद सोयीस्करपणे विसरला जातो.

तक्षशिलेच्या पात्राचेही असेच झाले आहे. इटालियन संशोधक पाओलो रोव्हेस्ती यांनी १९७० च्या दशकात या पात्राचा संबंध सिंधू संस्कृतीच्या काळाशी जोडला आणि तेव्हापासून अरोमाथेरपीच्या पुस्तकांतून ‘पाच हजार वर्षांपूर्वीचे ऊर्ध्वपातन’ हे विधान फिरत राहिले. तथापि जॉन मार्शल यांच्या उत्खननात तक्षशिलेस सापडलेली अशा प्रकारची भांडी इसवी सनाच्या आगेमागेच्या शतकांतील आहेत. एफ. आर. ऑल्चिन यांनी १९७९ मध्ये वायव्य भारतातील अशा भांड्यांचा विचार केला तो मद्याच्या ऊर्ध्वपातनाच्या संदर्भात. म्हणजे कालखंडही तो नव्हे आणि सुगंधी तेलाचा पुरावाही तो नव्हे.

याचा अर्थ भारतात गंधशास्त्र नव्हते असा मुळीच नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीचे स्वतंत्र प्रकरण आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात स्नान, विलेपन व गंध यांचा सविस्तर विचार आहे. मराठी वाचकाच्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याची बाब म्हणजे ‘गंधवाद’ हा ग्रंथ. त्यावर मराठी टीका उपलब्ध आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे प. कृ. गोडे यांनी १९४० च्या दशकात त्याच्या हस्तलिखिताची चिकित्सा करून त्याचा काळ स्थूलमानाने १३५० ते १५५० असा ठरविला. पुढे १९८९ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने ‘गंधसार’ व ‘गंधवाद’ हे दोन्ही ग्रंथ प्रकाशित केले. सुगंधी द्रव्ये सिद्ध करण्याच्या कृती मराठीतून समजावून सांगणारा हा ग्रंथ आपल्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या अभ्यासक्रमात क्वचितच भेटतो, याची खंत वाटते.

गवताची ओळख :

रोशा हे सिम्बोपोगॉन या प्रजातीतील गवत होय. गवती चहा याच प्रजातीतला. संस्कृत निघंटूंत ‘रोहिष’ व ‘कत्तृण’ या नावांनी वर्णिलेल्या गवताशी अभ्यासक त्याचा संबंध जोडतात आणि ‘रोशा’ हे रूप ‘रोहिष’ या शब्दावरून आले असे मानले जाते. पावसाळ्याच्या अखेरीस, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास ते फुलोऱ्यावर येते आणि त्याच वेळी त्यात तेल भरपूर असते.

त्याचे शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी असे आहे. यातील मार्टिन म्हणजे लखनौचा फ्रेंच सेनानी क्लॉद मार्टिन. टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९०-९२ च्या युद्धाच्या वेळी दख्खनच्या बालाघाटात असताना त्याने या गवताचे बी गोळा केले, लखनौस नेऊन पेरले आणि तेथून ते कलकत्त्यास विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे पोहोचले. रॉक्सबर्गने गवताला त्याचे नाव दिले. पुढे १९०६ मध्ये क्यू येथील ओटो स्टाफ यांनी भारत व श्रीलंका येथील तैलगवतांची नव्याने वर्गवारी केली तेव्हाही मार्टिनचे नाव कायम राहिले.

या गवताचे दोन प्रकार आहेत, मोतिया आणि सोफिया. दिसण्यात दोहोंमधील फरक नवख्या डोळ्याला सहसा कळत नाही. तेल मात्र वेगळे. मोतियाचे तेल गुलाबाच्या वळणाचे व गोडसर, तेच आजचे पामरोझा. सोफियाचे तेल उग्र व कमी किमतीचे, त्याला व्यापारात ‘जिंजरग्रास’ म्हणत. मोतिया उघड्या, कोरड्या उतारावर वाढतो, तर सोफियाला दाट व ओलसर जागा मानवते. आय. एच. बर्किल यांनी १९०९ मध्ये हा भेद शास्त्रीय वाङ्मयात नोंदविला. परंतु त्यांनी नोंदविलेली नावे मुळात स्थानिक लोकांचीच होती, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वनस्पतिशास्त्रज्ञांना वाळवलेल्या नमुन्यावरून जो भेद दिसत नव्हता तो गवत कापणाऱ्यांना व तेल काढणाऱ्यांना वासावरून आधीच ठाऊक होता.

ओढ्याकाठची भट्टी :

या व्यवसायाचे सर्वांत तपशीलवार वर्णन १८८० च्या खानदेश जिल्हा गॅझेटियरमध्ये आढळते. मुंबईतील सरकारी औषधभांडाराचे प्रमुख विल्यम डायमॉक यांनी वॉर्डन व हूपर यांच्यासह सिद्ध केलेल्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ (१८९०-९३) या ग्रंथातही ही माहिती आली आहे. त्यानुसार हा व्यवसाय पूर्वी पिंपळनेर भागात होता. तेथील गवत विरळ झाल्यावर तो नंदुरबार, शहादा व तळोदा या भागांकडे सरकला.

पावसाळा संपत आला की मुसलमान तेलकाढे भिल्लांकडून गवत विकत घेत, त्याच्या गंजी रचत आणि जेथे लाकूड व वाहते पाणी दोन्ही सहज मिळेल अशा ओढ्याच्या काठी भट्टी मांडत. जमिनीत खड्डा खणून चूल केली जाई. तिच्यावर तांब्याची किंवा लोखंडाची मोठी कढई ठेवून थोडे पाणी ओतले जाई व मग ती गवताने काठोकाठ भरली जाई. तोंडावर धातूचे झाकण, त्याच्या कडा कणकेने लिंपलेल्या. झाकणाच्या छिद्रातून कापड व दोरी गुंडाळलेली, पिठाने लिंपलेली बांबूची नळी निघे आणि ओढ्याच्या वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेल्या दुसऱ्या बंद भांड्यात शिरे. वाफ तेथे थंड होई. ते भांडे भरत आले की त्याला कंप सुटे, आणि हीच नळी काढण्याची खूण असे. मग आतील द्रव तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळला जाई व वर आलेला तेलाचा तवंग हलक्या हाताने काढून घेतला जाई.

या पद्धतीत दोन गोष्टी विशेष आहेत. एक, वाहता ओढा हाच येथे शीतक होता. आजच्या संयंत्रातील पाण्याच्या नळ्यांचे काम निसर्गाकडून विनामूल्य करून घेतले जात होते. भट्टी गवताजवळ नेली जाई, गवत भट्टीपर्यंत वाहून न्यावे लागत नसे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तेल काढून झाल्यावर उरलेले पाणी फेकून दिले जात नसे. नव्या गवताबरोबर ते पुन्हा कढईत घालत. रोशा तेलातील मुख्य घटक पाण्यात अल्प प्रमाणात विरघळतो. त्यामुळे हे पाणी फेकले तर तेलाचा काही अंश त्याबरोबर वाया जातो. आधुनिक तंत्रज्ञानात ऊर्ध्वपातित पाण्याच्या अशा पुनर्वापराला शास्त्रीय नाव आहे व पाठ्यपुस्तकांत त्याचे समीकरणही असते. नंदुरबारच्या ओढ्याकाठी समीकरण नव्हते, पण त्यामागचे तत्त्व अनुभवाने आत्मसात झालेले होते.

गॅझेटियरच्या नोंदीनुसार १८७९-८० मध्ये खानदेशात १९७ भट्ट्या चालू होत्या व त्यांतून सुमारे ७१ हंड्रेडवेट, म्हणजे साधारण ३,६०० किलो तेल निघाले. या आकड्यांचा थोडा हिशेब मांडून पाहू. एका भट्टीच्या वाट्याला संपूर्ण हंगामात जेमतेम १८ किलो तेल येते. गवतापासून अर्धा टक्का उतारा धरला तरी एवढ्या तेलासाठी ७०० टनांहून अधिक गवत कापले गेले असले पाहिजे. हे सर्व विळ्याने, फुलोऱ्याच्या काही आठवड्यांत. म्हणजे या व्यवसायातील श्रमाचा मोठा वाटा भट्टीवर नव्हे तर डोंगरउतारावर, भिल्ल स्त्री-पुरुषांच्या हातून पार पडत होता. गॅझेटियरमध्ये मात्र त्यांचा उल्लेख गवत विकणारे एवढ्या दोन शब्दांत आटोपतो.

याच सुमारास, १८७८ मध्ये, भारतीय वन कायदा अस्तित्वात आला. या कायद्याने राखीव जंगलातील लाकडाबरोबर गवतही वनोपज म्हणून सरकारी नियंत्रणाखाली आणले. रोशाच्या भट्टीला गवत आणि सरपण दोन्ही जंगलातूनच लागत असल्यामुळे या व्यवसायाच्या पुढील वाटचालीचा विचार वनधोरणापासून वेगळा करता येणार नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

नाव बदलत गेलेला प्रवास :

तयार तेल कातडी बुधल्यांत भरले जाई. काही माल बैलांच्या पाठीवर कोंडाईबारी घाट उतरून सुरतेस जाई, तर काही गाडीने मनमाडपर्यंत व तेथून रेल्वेने मुंबईस. मुंबईच्या बाजारातील या तेलात टर्पेंटाइन, भुईमुगाचे वा जवसाचे तेल मिसळलेले असे, अशा तक्रारी तत्कालीन औषधग्रंथांत आहेत. येथून ते तांबड्या समुद्रावरील जेद्दासारख्या बंदरांत आणि पुढे कॉन्स्टँटिनोपलला पोहोचे. तुर्कीत त्याला ‘इद्रिस यागी’ म्हणत, यागी म्हणजे तेल. तेथून ते युरोपात गेले तेव्हा त्याचे नाव झाले ‘टर्किश जिरॅनियम तेल’. तुर्कस्थानात हे गवत उगवत नव्हते आणि जिरॅनियमचा तर या तेलाशी काहीच संबंध नव्हता. वासातील साम्य आणि शेवटचे बंदर यांवरून हे नाव पडले, आणि ते बराच काळ टिकले.

कॉन्स्टँटिनोपलला या तेलाची मागणी का होती? फ्ल्युकिगर व हॅनबरी यांच्या १८७४ च्या ‘फार्माकोग्राफिया’ या ग्रंथात याचे स्पष्ट उत्तर मिळते. तेव्हा ऑटोमन साम्राज्यात असलेल्या व आज बल्गेरियात असलेल्या कझानलक परिसरात गुलाबाच्या अत्तरात हे तेल भेसळ म्हणून वापरले जाई. त्यासाठी ते आधी लिंबाच्या रसाने आंबट केलेल्या पाण्याबरोबर घुसळत व उन्हात ठेवत. त्यामुळे त्याचा तिखट दर्प जाऊन वास अधिक मऊ होई. अस्सल गुलाबतेल थंडीत गोठते, आणि त्यावरून त्याची पारख केली जाई. रोशा तेल मिसळल्यावर ते लवकर गोठेना, तेव्हा त्यावर उपाय म्हणून देवमाशाचे मेण घालणारे महाभागही होते!

या भेसळीची नैतिक चर्चा येथे अभिप्रेत नाही. मात्र ती यशस्वी होण्याचे कारण रासायनिक होते. गुलाबतेल व रोशा तेल यांत एक समान सुगंधी घटक आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओस्कार याकोबसेन यांनी १८७१ मध्ये हा घटक प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळा केला, आणि तो त्यांनी भारतातून आलेल्या या गवताच्या तेलातूनच मिळवला. त्या घटकाला नाव मिळाले ‘जिरॅनिऑल’. व्यापाऱ्यांनी रूढ केलेले चुकीचे नाव अशा रीतीने रसायनशास्त्राच्या परिभाषेत कायमचे जाऊन बसले. आज रसायनशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी जिरॅनिऑल शिकतो, पण ते पहिल्यांदा रोशाच्या तेलातून हाती आले हे त्याला सांगणारा प्राध्यापक विरळाच.

सुगंधचिकित्सेतील स्थान :

गॅटफॉसे (१८८१-१९५०) हे लियाँचे सुगंधी द्रव्यांचे रसायनतज्ज्ञ व उद्योजक होते. १९१० मध्ये प्रयोगशाळेतील स्फोटात ते भाजले. त्यांनी वेदना असह्य होऊन लॅव्हेंडर तेलाच्या भांड्यात हात बुडवला, ही सर्वत्र सांगितली जाणारी कथा त्यांच्या स्वतःच्या कथनाशी जुळत नाही. जखमेत वायुकोथ पसरू लागल्यावर त्यांनी ती लॅव्हेंडर तेलाने धुतली, असे त्यांनी लिहिले आहे. त्यांचा ‘अरोमाथेरापी’ हा ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ही संज्ञा त्यांच्यामुळे रूढ झाली. पुढे लष्करी वैद्यक ज्याँ व्हाल्ने यांनी १९६४ मध्ये, तर मसाजाची जोड देणाऱ्या मार्गरिट मॉरी यांनी त्याच दशकात ही पद्धती विस्तारली. इंग्रजी वाचकांत तिचा प्रसार झाला तो प्रामुख्याने रॉबर्ट टिसरँड यांच्या १९७७ च्या पुस्तकामुळे.

सुगंधचिकित्सेत पामरोझा मुख्यतः त्वचेसाठी सांगितले जाते. भारतात त्याचा जुना उपयोग थोडा निराळा होता. डायमॉक प्रभृतींच्या नोंदीनुसार लोक ते जुनाट संधिवातावर व शिरांच्या दुखण्यावर बाहेरून चोळत, तसेच केस गळू नयेत म्हणून लावत. चोळण्याचा हा उपयोग मसाजाच्या आधुनिक कल्पनेला जवळचा आहे, परंतु त्यावरून एकातून दुसरे उद्भवले असे म्हणण्यास आधार नाही.

उपयुक्ततेबाबतही संयम राखणे इष्ट ठरेल. जिरॅनिऑल प्रयोगशाळेत अनेक जिवाणू व बुरशी यांची वाढ रोखते आणि डासांना दूर ठेवणाऱ्या द्रव्यांत त्याचा वापर होतो, येथपर्यंत मतभेद नाही. परंतु काचपात्रातील परिणाम म्हणजे रुग्णावरील परिणाम नव्हे. कोक्रेन संस्थेच्या परीक्षणांत प्रसूतिवेदनांसंबंधी २०११ मध्ये आणि स्मृतिभ्रंशासंबंधी २०२० मध्ये सुगंधचिकित्सेच्या उपलब्ध प्रयोगांचा आढावा घेण्यात आला. दोन्ही वेळा ठाम निर्णयास पुरेसा पुरावा आढळला नाही. शिवाय नैसर्गिक ते निर्धोक, हा समजही टिकणारा नाही. युरोपीय संघाने २००३ मध्ये ज्या २६ सुगंधी घटकांचा उल्लेख सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर बंधनकारक केला, त्या त्वचेला अधिहर्षता निर्माण करू शकणाऱ्या घटकांत जिरॅनिऑलही आहे. रोशा तेलात त्याचे प्रमाण साधारणतः तीन चतुर्थांशाहून अधिक असते. महाविद्यालयांतून चालणाऱ्या अल्पमुदतीच्या सौंदर्यविषयक अभ्यासक्रमांत हे तेल निखळ स्वरूपात त्वचेवर न लावण्याची सूचना पहिल्याच तासाला दिली गेली पाहिजे.

खानदेशाबाहेरचा रोशा :

विसाव्या शतकाच्या आरंभी सुरत-नंदुरबार-अमळनेर हा तापीखोऱ्यातील लोहमार्ग पूर्ण झाला व कोंडाईबारीच्या बैलतांड्यांची गरज कमी झाली. परंतु रेल्वेने मार्ग बदलला, तसा कालांतराने उत्पादनाचा भूगोलही बदलला. रोशाची लागवड जावा व इतर उष्ण प्रदेशांत होऊ लागली. प्रयोगशाळेत तयार होणारे जिरॅनिऑलही बाजारात आले. भारतात जंगलातील गवत कापण्याऐवजी शेतात रोशा लावण्याकडे कल वळला. लखनौ येथे १९५९ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने तृष्णा, तृप्ता, पीआरसी-१ यांसारखे वाण विकसित केले. २०१७ पासून वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या अरोमा मिशनखाली सुगंधी पिकांच्या लागवडीस चालना देण्यात आली व त्यात रोशाचाही समावेश आहे. क्लॉद मार्टिनने ज्या लखनौत दख्खनचे बी नेऊन पेरले, तेथूनच आता सुधारित वाण देशभर जातात, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

शेतातील रोशाची वर्षातून एकाहून अधिक वेळा कापणी होते व एकदा केलेली लागवड काही वर्षे टिकते. ऊर्ध्वपातन पोलादी टाकीत होते. निराळ्या बाष्पकातून वाफ सोडली जाते व तेल आपोआप विभाजक पात्रात जमते. मोतिया की सोफिया हा प्रश्न प्रमाणित बियाण्यामुळे शेतकऱ्यापुढे उभाच राहत नाही, आणि भांड्याला सुटणाऱ्या कंपाकडे कान लावून कोणी ओढ्याकाठी बसत नाही. नंदुरबार, शहादा व तळोदा हे तिन्ही तालुके १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आलेल्या नंदुरबार जिल्ह्यात आहेत. या भागातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी गावोगावच्या वृद्धांकडून रोशाच्या भट्टीची, गवताच्या भावाची व घाटातील वाहतुकीची मौखिक माहिती संकलित करण्याचा प्रकल्प हाती घेतल्यास, गॅझेटियरमध्ये केवळ ‘भिल्ल’ आणि ‘मुसलमान’ म्हणून नोंदल्या गेलेल्या या कारागिरांच्या कुटुंबांपासून त्याची सुरुवात करता येईल.